4के मॉनिटर घ्यावा का? टेप आणि जोडाक्षरांनी ठरवा

आधी मोजायची टेप काढा. मॉनिटरचं जास्त रिझोल्यूशन, म्हणजे जास्त पिक्सेल (चित्राचे ठिपके), डोळ्याला जाणवेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं: पडद्याच्या एका इंचात किती पिक्सेल बसवलेत, डोळा पडद्यापासून किती सेंटिमीटरवर असतो, आणि तो डोळा, चष्म्यासकट, किती बारीक पाहू शकतो. मॉनिटरच्या खोक्यावर ठळक छापलेलं '4के' या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देत नाही. 27 इंची 4के आणि 43 इंची 4के यांत पिक्सेल तेवढेच असतात, पण एकावरचं बारीक अक्षर कोरल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्यावरचं साध्या ऑफिस मॉनिटरसारखं.

अंतर कसं मोजायचं

मोजायचं म्हणून ताठ बसलात की अंतर चुकतं. अर्धा-एक तास नेहमीचं काम होऊ द्या, मग घरातल्या कुणाला तरी सांगा की न बोलता येऊन नाकाच्या मुळापासून पडद्याच्या मध्यापर्यंत टेप धर. मॉनिटरच्या स्टँडपर्यंत किंवा टेबलाच्या कडेपर्यंत मोजू नका. सकाळी, दुपारी, रात्री असं तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. दोन फूट खोलीच्या टेबलावर, स्टँडसकट ठेवलेल्या मॉनिटरचं अंतर बहुतेक वेळा 50 ते 60 सेंमी भरतं. मॉनिटर भिंतीला किंवा आर्मवर लावला की 65 ते 75. रात्रीचा आकडा सकाळपेक्षा 10 सेंमीने कमी आला, तर माणूस अक्षर वाचण्यासाठी पुढे झुकतोय. त्यावर पहिला उपाय अक्षर मोठं करणं हा आहे, नवा मॉनिटर नाही.

दोन ओळींचं गणित

एका इंचातले पिक्सेल, म्हणजे पीपीआय, असे काढतात: रुंदीच्या पिक्सेलचा वर्ग अधिक उंचीच्या पिक्सेलचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले पडद्याचा कर्ण इंचात. फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080 पिक्सेल, क्यूएचडी 2560 गुणिले 1440, 4के 3840 गुणिले 2160 आणि 5के 5120 गुणिले 2880. बाजारातल्या नेहमीच्या मापांची उत्तरं तयार देतो. '24 इंची' म्हणून विकला जाणारा पडदा बहुधा 23.8 इंचांचा आणि '32 इंची' बहुधा 31.5 इंचांचा असतो, ते धरलं आहे.

27 इंची फुल एचडी: 82
24 इंची फुल एचडी: 93
32 इंची क्यूएचडी: 93
27 इंची क्यूएचडी: 109
32 इंची 4के: 140
15.6 इंची लॅपटॉप, फुल एचडी: 141
27 इंची 4के: 163
24 इंची 4के: 185
27 इंची 5के: 218

आता हा पीपीआय गुणिले तुमचं अंतर सेंटिमीटरमध्ये, भागिले 145. जो आकडा येतो तो म्हणजे डोळ्यासमोरच्या एका अंशात बसणारे पिक्सेल. पुढचं सगळं याच आकड्यावर आहे, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा. 60 सेंमीवर 24 इंची फुल एचडीला 38 येतात, 27 इंची क्यूएचडीला 45, 32 इंची 4केला 58, 27 इंची 4केला 67 आणि 27 इंची 5केला 90.

60 ची रेघ, आणि तिच्या पलीकडे

डोळे तपासताना भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो तो हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 साली आणला. त्यातलं 6/6 च्या ओळीचं अक्षर डोळ्याशी 5 कला एवढा कोन करतं आणि अक्षराची एक रेघ 1 कला. एका अंशाच्या 60 कला. म्हणून 'अंशाला 60 पिक्सेल झाले की नजर संपली' हा हिशेब रूढ झाला.

हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. एक तर 6/6 ही चांगल्या नजरेची पायरी आहे, शेवटची हद्द नव्हे. चष्मा बरोबर असलेली अनेक तरुण माणसं 6/5 ची ओळ सहज वाचतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दोन रेघा वेगळ्या ओळखणं आणि एका रेघेत पडलेली पायरी ओळखणं ही डोळ्याची दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात डोळा कितीतरी तरबेज असतो, एका कलेच्या लहानशा अंशाएवढी सरकही त्याला कळते. तिरप्या रेघेवरचे दाते 60 ओलांडल्यावरही जाणवतात ते यामुळे.

2025 मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी रुळावर मागेपुढे सरकणारा पडदा वापरून हे नीट मोजलं. काळ्या-पांढऱ्या नक्षीसाठी सरासरी हद्द 94 निघाली, लाल-हिरव्यासाठी 89 आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी फक्त 53. म्हणजे नुसत्या रंगांच्या फरकापेक्षा पांढऱ्यावरचा काळा मजकूर पिक्सेलच्या बाबतीत जास्त हावरा आहे.

यावरून कामापुरती वाटणी अशी करता येते. आकडा 40 च्या खाली असेल तर वेलांटीच्या वळणात पायऱ्या दिसतात आणि फरक कुणालाही दाखवता येतो. 40 ते 60 मध्ये ठळक मजकूर चांगला दिसतो, पण बारीक जोडाक्षरं गचाळ होतात. 60 ते 90 मध्ये फरक दिसतो तो फक्त लहान अक्षरांत, नकाशांत आणि बारीक तिरप्या रेघांत. 90 च्या पुढे पैसे घालवू नयेत.

देवनागरीला जास्त पिक्सेल का लागतात

इंग्रजी मजकुरावर केलेल्या तुलना वाचून मराठी वाचणाऱ्याने निर्णय घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोमन लिपीत बहुतेक अक्षरं एकापुढे एक, एकाच मजल्यावर बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. आणि मधल्या मजल्यात एकावर एक रचलेली व्यंजनं. फुल एचडी पडद्यावर 100 टक्के स्केलला (स्केल म्हणजे विंडोजमधलं अक्षरं लहानमोठी करायचं प्रमाण) वेबपानाचा मजकूर साधारण 16 पिक्सेलच्या मापात असतो. त्यातली शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतची उंची असते जेमतेम 10 पिक्सेल. या 10 पिक्सेलमध्ये 'द्ध' बसवायचा म्हणजे द चं पोट, ध ची गाठ आणि त्यांच्यामधली पांढरी फट, सगळं एकेका पिक्सेलवर येतं. त्या फटीचा पिक्सेल राखाडी झाला की 'द्ध' आणि 'द्व' एकसारखे दिसू लागतात. तेच अक्षर त्याच आकारात 175 टक्के स्केलच्या 4केवर आलं की त्याला 17-18 पिक्सेलची उंची मिळते आणि फट मोकळी राहते.

वाचक संदर्भाने शब्द ओळखतो, म्हणून गोष्ट किंवा बातमी वाचताना ही अडचण कळतही नाही. मुद्रितं तपासणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, सातबारा किंवा मतदारयादीतली नावं टंकणाऱ्याला ती कळते, कारण तिथे संदर्भ नसतो.

चाचणीसाठी हे शब्द एका फाइलमध्ये टंकून ठेवा: श्रद्धा, विद्वान, पद्य, उद्धव, तत्त्व, उज्ज्वल, वाङ्मय, राष्ट्र, हृदय, कर्तृत्व, धर्मांध, वऱ्हाड, ऱ्हास. त्यासोबत जोड्या: घर-धर, भर-मर, बार-वार. 'धर्मांध' मधला रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का, हा यातला सगळ्यात कडक प्रश्न. फाँट विंडोजवर निर्मला यूआय घ्या किंवा मुक्ता; तुलना करताना दोन्हीकडे तोच फाँट हवा.

विकत न घेता 4के बघायची युक्ती

पिक्सेल लहान करणं आणि आपण मागे सरकणं, डोळ्याला दोन्ही सारखंच. याचा फायदा घ्या. घरी 24 इंची फुल एचडी आहे असं धरू:

1. विंडोजचं स्केल 100 टक्के ठेवा. ब्राउझरचं झूम 100 टक्के करून वरचे शब्द 60 सेंमीवरून वाचा. हे झालं आजचं चित्र.
2. झूम 175 टक्के करा आणि खुर्ची मागे नेऊन डोळा 105 सेंमीवर आणा. अक्षर डोळ्याला तेवढंच मोठं दिसेल, पण अंशाला पिक्सेल आता 67 झाले. 60 सेंमीवर ठेवलेला 27 इंची 4के एवढाच देतो.
3. मध्ये थांबून 70 सेंमीवर, झूम 110 किंवा 125 टक्क्यांवर वाचा. ही 27 इंची क्यूएचडीची पायरी.

तिसऱ्या पायरीत बहुतेकांना निराशा येते, आणि ती खरी आहे. 38 वरून 45 ही उडी छोटी आहे. क्यूएचडी घेतल्याने पडद्यावर जागा पुष्कळ वाढते, अक्षराची सफाई थोडीच वाढते. दुसऱ्या पायरीत मात्र 'श्रद्धा' आणि 'वाङ्मय' लख्ख सुटे दिसले, तर तुमच्या डोळ्यांना 4के उपयोगी आहे. काही बदल वाटलाच नाही, तर पैसे वाचले. झूम बदलायला विसरून नुसतं मागे जाऊ नका. अक्षर लहान होतं आणि तुलना बिघडते.

चाळिशी लागलेल्यांनी या प्रयोगात सावध राहावं. वाचायचा नंबर साधारण 40 सेंमीसाठी दिलेला असतो, +2.50 च्या भिंगाचं केंद्र बरोबर तिथेच येतं. 65 सेंमीवरच्या पडद्याला तो नंबर जास्त होतो आणि सगळं किंचित धूसर दिसतं. त्या धूसरपणात 4के आणि फुल एचडी सारखेच. डोळे तपासायला जाताना मोजलेलं अंतर सांगा आणि पडद्याच्या अंतराचा वेगळा नंबर काढून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, त्यामुळे मोठा पडदा पाहताना मान वर करावी लागते; अशा वेळी मॉनिटर खाली घेणं उपयोगी पडतं.

स्वतःच्या नजरेची हद्द काढायची असेल तर

पेंटमध्ये 200 पिक्सेल रुंद आणि 256 उंच कोरं चित्र घ्या. झूम 800 टक्के करा, ग्रिडलाइन्स चालू करा. सगळ्यात वरच्या ओळीत 1 पिक्सेल जाडीची काळी आडवी रेघ शिफ्ट दाबून ओढा, दुसरी ओळ पांढरी सोडा. या दोन ओळी निवडून कॉपी करा आणि लगेच खाली चिकटवा. मग चार ओळी, मग आठ. सातव्या वेळी 256 ओळी भरतात. चित्र पीएनजीमध्ये साठवा, जेपेगमध्ये रेघा मळतात. विंडोजचं स्केल 100 टक्के आणि चित्राचं झूमही 100 टक्के ठेवून हळूहळू मागे जा. रेघा मिटून सपाट राखाडी दिसेल ते अंतर मोजा.

24 इंची फुल एचडीवर 6/6 नजरेला हे अंतर साधारण 94 सेंमी यायला हवं. तुमचं 115 आलं तर तुमची हद्द 60 नसून 73 च्या आसपास आहे. 70 आलं तर 45, म्हणजे आहे त्या नजरेला 60 सेंमीवर क्यूएचडीच पुरतो. इतर मॉनिटरसाठी 94 च्या जागी 8730 भागिले पीपीआय एवढं अंतर धरा. जवळूनही रेघांऐवजी पट्टे किंवा लाटा दिसत असतील, तर मॉनिटर मूळ रिझोल्यूशनवर नाही, किंवा व्हीजीए केबल लावलेली आहे. सरकारी आणि बँकेच्या ऑफिसांत निळी व्हीजीए केबल अजून सर्रास दिसते. तिथे मॉनिटर बदलण्याआधी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहा.

मग कोणता घ्यायचा

दिवसभर मराठी मजकूर आणि अंतर 55 ते 65 सेंमी: 27 इंची 4के. ही शिफारस आम्ही न कचरता करतो. जागा कमी असेल आणि डोळा 50 सेंमीच्या आत येत असेल तर 24 इंची 4के सगळ्यात सुंदर मजकूर देतो, फक्त त्यात निवडीला मॉडेल कमी मिळतात. 32 इंची 4के 60 सेंमीवर 58 देतो, तो 70 सेंमीवर नेता येत असेल तर उत्तम. जवळ बसून एवढा मोठा पडदा पाहताना मान सतत फिरते. 27 इंची फुल एचडी मजकुरासाठी घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. आकार वाढतो, पिक्सेल तेवढेच राहतात, आणि 60 सेंमीवर आकडा 34 वर येतो.

एक्सेलच्या तक्त्यांना जागा हवी असेल, किंवा गेमसाठी घेत असाल, तर क्यूएचडी शहाणपणाचा. 4केमध्ये फुल एचडीच्या चौपट आणि क्यूएचडीच्या सव्वादोनपट पिक्सेल असतात, आणि ते सगळे ग्राफिक्स कार्डाला दर क्षणी रंगवावे लागतात. भराभर हलणाऱ्या चित्रात बारीक तपशील डोळ्याला कमीच सापडतात. टीव्हीचं तेच: 43 इंची फुल एचडी टीव्ही अडीच मीटरवरून पाहिला तर अंशाला 88 पिक्सेल आधीच मिळतात, 4के ने तिथे जवळजवळ काही वाढत नाही. पण तोच 43 इंची 4के टीव्ही टेबलावर मॉनिटर म्हणून ठेवला, तर 60 सेंमीवर फक्त 42.

ओलेड मॉनिटर मजकुरासाठी घेताना थांबून पाहा. बऱ्याच ओलेड पडद्यांत लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची रचना नेहमीच्या एलसीडीसारखी नसते, त्यामुळे 110 पीपीआयच्या आसपास शिरोरेषेला रंगीत कड दिसू शकते.

दुकानात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं असो की गावातलं, डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. शब्दांची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, खिशात टेप ठेवा. दोन्ही पडद्यांवर अक्षराची उंची फूटपट्टीने मोजून सारखी करा. 24 इंची फुल एचडीच्या 100 टक्क्यांशी 27 इंची 4के 175 टक्क्यांवर आणि 32 इंची 4के 150 टक्क्यांवर जुळतो. मग आपल्या घरच्या अंतरावर उभे राहा. दुकानात माणूस नकळत 40 सेंमीपर्यंत जवळ जातो, आणि तिथून सगळेच 4के मोहात पाडतात.

घरी आणल्यावर बिघडतं ते इथे

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन 1920 गुणिले 1080 वर आणणं ही सगळ्यात मोठी चूक. पैसे भरून घेतलेले तीन चतुर्थांश पिक्सेल वाया जातात, आणि बरेच मॉनिटर चित्र ताणताना कडा मऊ करतात. रिझोल्यूशन 3840 गुणिले 2160 वरच ठेवा आणि सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन स्केल 150 किंवा 175 टक्के करा.

माउसचा बाण अडखळत चालत असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 30 हर्ट्झ दिसतात का पाहा. एचडीएमआय 1.4 ला 4केवर सेकंदाला 30 च चित्रं झेपतात. 60 साठी लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिघांकडे एचडीएमआय 2.0 हवं, किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2. यूएसबी-सीचा स्वस्त डॉक (एका पोर्टातून अनेक जोडण्या देणारी डबी) मध्ये असेल तर आधी तो काढून थेट जोडून पाहा. बहुतेकदा अडथळा तिथेच असतो.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरताना निळ्यावर लाल अक्षरं लिहून पाहा. कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर रंगाची माहिती अर्धी-पाव होऊन येते आहे. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टला पीसी असं नाव द्या किंवा पीसी मोड लावा, आणि शार्पनेस कमी करा. मॉनिटरवरही शार्पनेस कंपनीने दिला होता त्यापेक्षा वाढवू नका. अक्षराभोवती पांढरी कड उमटते आणि अनुस्वार जाड होतो.

जुनं डीटीपी किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर एकटंच धूसर दिसत असेल, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज इथे जा आणि ओव्हरराइड निवडून 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' करून पाहा. सगळ्याच प्रोग्रामना ते लागू पडत नाही, पण करून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

मॅकवर गोष्ट थोडी वेगळी आहे. 2018 च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकने उपपिक्सेलवर, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांवर, अक्षरं गुळगुळीत करणं सोडलं, त्यामुळे 109 पीपीआयचा क्यूएचडी मॅकला जोडला की मजकूर विंडोजपेक्षा पुसट वाटतो. 27 इंची 4केवर '2560 गुणिले 1440 सारखं दिसणारं' माप निवडलं, तर मॅक आधी 5120 गुणिले 2880 चं चित्र बनवतो आणि मग ते आकसून 4केवर बसवतो. किंचित मऊपणा येतो, पण 60 सेंमीवर तो फारसा खुपत नाही.

मुद्रितांसाठी मॉनिटर उभा फिरवला असेल तर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' (अक्षरं गुळगुळीत करायची विंडोजची सोय) शोधून ॲडजस्ट टेक्स्टचा विझार्ड पुन्हा चालवा. क्लिअरटाइप आडव्या रांगेतले ठिपके गृहीत धरतो. पडदा फिरला की ते उभे होतात आणि अक्षराला रंगीत कड येते. विझार्डने फरक पडला नाही तर क्लिअरटाइप बंद करा. 4केवर ते बंद केल्याची झळ क्वचितच लागते, फुल एचडीवर मात्र लागते.

परत करायची मुदत संपण्याआधी रेघांचं चित्र नव्या पडद्यावर 100 टक्के स्केलला एकदा उघडा. 27 इंची 4केवर 40 सेंमीवरून रेघा सुट्या दिसायला हव्यात, आणि 6/6 नजरेला त्या 53 सेंमीच्या आसपास मिटतील. 40 सेंमीवरही त्या मिटलेल्या असतील, तर आधी केबल, मग रिझोल्यूशन, मग चष्मा, या क्रमाने तपासा.